एका दातावर अडलेला सिनेमा

माझ्या मुलीच्या लग्नात मी एका सिनेमा दिग्दर्शकाला व्हिडिओवाल्याचा मदतनीस समजून पंगतींचं शूटिंग करायला लावलं. एका पंगतीचं नाही, सगळ्या पंगतींचं.

आता यात माझी चूक किती आणि परिस्थितीची किती, हे वाचकांनीच ठरवावं. तो मांडवाच्या कडेला गळ्यात कॅमेरा अडकवून उभा होता. खरा व्हिडिओवाला स्टेजवर नवरीची मान डावीकडे-उजवीकडे वळवण्यात गुंतला होता. आणि मुलीचा बाप म्हणून त्या दिवशी माझ्या अंगात जो अधिकार संचारला होता, तो कुणावर तरी काढणं भाग होतं. "काऊन बे, उभा काय राह्यला? तिकडं पंगत बसली. मुंबईचे पाहुणे उठल्यावर काय त्याईचे ताटं काढशीन?" त्यानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं, "हाव काका," म्हणाला आणि गेला. पंधरा-वीस दिवसांनी तो जळगाव जामोदला माझ्या बी-बियाण्यांच्या दुकानात आला, एक पेनड्राइव्ह ठेवला आणि पैशाचं नाव न काढता निघून गेला. मी हौसेनं घरी व्याही-विहीण बोलावून टीव्हीवर तो लावला. त्यात नवरी नव्हती. नवरदेवाचा एक बूट होता, तोही चोरून नेणाऱ्या करवलीच्या हातात. बाकी सगळं होतं. बुंदीची परात खांद्यावर घेऊन पळणारा वाढपी, ताटं घासता घासता मधेच थांबून स्वतःच्या हातावरची मेंदी न्याहाळणारी एक बाई, वरातीत डोक्यावर बत्त्या धरायला आलेल्या आणि तोवर भिंतीच्या सावलीत पाय पसरून बसलेल्या दोघी. शेवटच्या पंगतीला पुऱ्या संपल्या होत्या आणि बँडवाले नुसत्या वरणभातावर उठले, हे मला, म्हणजे खुद्द यजमानाला, त्या पेनड्राइव्हमधून कळलं. शेवटी व्याह्यांनी अदबीनं विचारलं, "हे लग्न कोणाचं होतं म्हणता?"

साऱ्या बुलडाणा जिल्ह्यानं एका दिशेला बघायचं ठरवलं, तर हा एकटा माणूस उलट्या दिशेला तोंड करून उभा राहील. वर आपल्यालाच असं वाटायला लावेल की पाठमोरे उभे आहोत ते आपणच. मंत्र्याची सभा असली की हा मंत्र्याच्या मागे पंखा धरून उभ्या असलेल्या माणसाचा घाम टिपणार. कुस्त्यांच्या दंगलीला गेला तर आखाड्याची माती चाळणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसणार. कोण जिंकलं हे त्याला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळणार. हा आमच्या भागातल्या बँडमास्तरांचा मुलगा. लग्नाच्या दिवशी तो बापाला मोटारसायकलवरून सोडायला आला होता, एवढाच काय तो त्याचा गुन्हा. त्याचे सिनेमे दूरदूरच्या शहरांत दाखवले जातात, हे मला फार उशिरा समजलं. मी माफी मागायला त्याच्या गावी गेलो, तेव्हा तो म्हणाला, "कायची माफी काका? तुम्ही हाकललं नसतं तं पंगतीत मले कोण घुसू देत होतं?" तेव्हापासून आमचं जमलं.

त्याची काम करायची पद्धत ऐकली तर कुठलाही शहाणा माणूस त्याला भांडवल देणार नाही, आणि आजवर कुणी दिलेलंही नाही. तो जिथं सिनेमा करायला जातो तिथं आधी नुसता जाऊन बसतो. कॅमेरा पिशवीत. त्याचा एकच नियम आहे: जोवर घरातले लोक चहा देतात, तोवर शूटिंग करायचं नाही. चहा मिळतो म्हणजे आपण पाहुणे, आणि पाहुण्यासमोर कुठलं घर खरं वागतं? ज्या दिवशी घरातली बाई कामातून मान वर न करता म्हणेल की चहा पाहिजे तं मांड तुह्या हातानं, त्या दिवशी हा पिशवीतून कॅमेरा काढणार. नियम म्हणून ठीक आहे, पण आपल्या वऱ्हाडात लोक चहा द्यायचं थांबवतात कधी? संग्रामपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याला, एक म्हातारी रानातून डिंक-मोह गोळा करून पोट भरायची. तिच्यावर याला सिनेमा करायचा होता. म्हातारी इतकी अगत्याची की महिनोन्महिने रोज चहा. सिनेमा काही सुरू होईना. मला त्याची दया आली. एकदा त्या बाजूला खताच्या वसुलीला गेलो असताना मी म्हातारीला गाठलं आणि सांगितलं, "आजी, त्या पोराले चहा देत नका जाऊ." म्हातारीनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "पित्त होते का पोट्ट्याले?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला बकरीचं दूध द्यायला लागली. नियमात दुधाचं काही लिहिलेलं नव्हतं. तो सिनेमा आणखी एक पावसाळा लांबला. नंतर पुष्कळ दिवस तो मला भेटला की आधी विचारायचा, "काका, सध्या कोणाकडं जाऊन राह्यले? नाई, मले तिकडं सिनेमा काढायचा होता."

बसून राहायचं म्हणजे हातांना काम हवं, म्हणून तो बाजा विणतो. सुतळीची बाज. रिकाम्या हाताचा माणूस घरात बसला की लोकांना तो सरकारी वाटतो, असं त्याचं म्हणणं. वीटभट्टीवरच्या झोपडीत, मेंढपाळाच्या वाड्यावर, पालांवर, जिथं जिथं त्यानं सिनेमा केला तिथं तिथं त्यानं विणलेली एक बाज आहे, आणि ती प्रत्येक बाज मधोमध खोल गेलेली आहे. सिनेमाइतकी विणकामात त्याला गती नाही. माझ्या दुकानामागच्या खोलीतही एक आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिच्यावर पडतो आणि पाळण्यातल्या पोरासारखा गोळा होऊन जातो. उठायला दुसरा माणूस लागतो. पूर्वी तो असायचा. बाहेरून माझी धडपड ऐकली की आत येऊन एक हात द्यायचा, मग न विचारता गॅसवर आधण ठेवायचा. माझ्याकडे त्याला चहा कधीच मिळाला नाही, त्यानं मांडला आणि मी प्यायलो. हल्ली तो सातपुड्यात वर कुठंतरी आहे, जिथं फोन लागत नाही. आठ-पंधरा दिवसांनी खाली बाजाराला उतरला की मोबाइलवर एखादा फोटो पाठवतो. फोटो कधी कुणाच्या भेगाळलेल्या टाचेचा, कधी पाण्याच्या रिकाम्या कळशीचा. खाली मजकूर काही नाही. मी त्या टाचेकडे बराच वेळ बघतो आणि 'छान' असं लिहितो. दुसरं काय लिहिणार? चार वाजता चहाची वेळ होते. मी बाजेत पडलेला असतो आणि उगाचच कान शटरकडे लागलेले असतात.

सिनेमा पुरा झाला की तो आधी ज्यांचा आहे त्यांना दाखवतो. दोन खांबांना पांढरी चादर बांधायची, समोर सगळा मोहल्ला बसवायचा, आणि संपल्यावर विचारायचं, "काय काढू?" हे विचारणं म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं. वीटभट्टीच्या सिनेमात एकीचं म्हणणं पडलं की मी नवऱ्याला शिव्या देते ते काढ, सासरचे पाहतील. नवरा म्हणाला, मग मी ऐकून घेतो तेही काढ. एकाला आपलं टक्कल दिसत होतं, एकीची भांडी घासायची राहिली होती. हा मान डोलवत सगळं काढत गेला. अंघोळीच्या साबणासारखा सिनेमा रोज झिजत होता. मुंबईच्या कुठल्याशा महोत्सवात एका विद्वान बाईंनी त्याला विचारलं म्हणे की, विषय एवढा मोठा असताना सिनेमा इतका लहान का? हा म्हणाला, "लोकांनी एवढाच दिला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. यानं ते वाक्य टाळ्यांसाठी म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो घाबरला आणि मागच्या दारानं शेगावच्या गाडीत येऊन बसला.

अशा या माणसाच्या जिवाला लागलेला एकच सिनेमा होता, तो बापाचा. बँडवाल्यांचा. अख्ख्या पंचक्रोशीची लग्नं ज्यांच्या मागं चालत गेली आणि ज्यांना पंगतीत मात्र सगळ्यांच्या शेवटी बसवलं गेलं, त्यांचा. त्याचे वडील, म्हणजे मास्तर, क्लॅरोनेट वाजवायचे. मास्तरांची एक धून होती, पाठवणीची, त्यांनी स्वतः बसवलेली. नवरी गाडीकडे निघाली की बाकी बँड थांबायचा आणि मास्तर एकटे ती वाजवायचे. ती धून दारापर्यंत जायची आणि मागं फिरायची. पुन्हा जायची, पुन्हा फिरायची. आणि शेवटी एकदा जायची ती परत यायचीच नाही, तिकडेच कुठंतरी संपायची. त्या वेळी भल्याभल्या खडूस बापांना मी खांबाला टेकून उभं राहिलेलं पाहिलंय. माझ्या घरच्या लग्नात मीही एका खांबाला टेकलो होतो, आणि तो खांब मांडवाचा असल्यामुळे मांडव थोडा कलला होता.

आता गोम अशी की, माझ्या मुलीचं लग्न हे मास्तरांच्या बँडचं शेवटचं लग्न ठरलं. त्यानंतर जो तो डीजे सांगायला लागला. आणि त्या दिवशी हा दिग्दर्शक कॅमेरा घेऊन हजर असूनही पाठवणी त्याला घेता आली नाही, कारण कार्ड आणि बॅटरी दोन्ही मी पंगतीत संपवून ठेवली होती. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. मास्तरांनी सांगितलं, तेही सहज, तंबाखू मळता मळता. सिनेमाचं बाकी सगळं झालं होतं. पेटीतून काढून उन्हात टाकलेले लाल कोट झाले होते, बँड बसल्यावर कापूस वेचणीला जाणारा ढोलकवाला झाला होता, बत्तीवाल्या बाया झाल्या होत्या. राहिली होती ती फक्त धून. आणि ती अडली होती मास्तरांच्या एका दातावर.

क्लॅरोनेटचं तोंड वरच्या पुढच्या दातांना टेकवून धरावं लागतं. मास्तरांच्या वरच्या ओळीत पुढं एकच दात उरला होता आणि तोही हलत होता. तो गेला की क्लॅरोनेट खुंटीला. कवळी चालत नाही, फुंक मारली की तीच आधी बाहेर येते. सगळ्या गावाचं त्या दाताकडे लक्ष. सकाळी कुणी भेटलं तर रामराम किंवा जयभीम नंतर, आधी, "मास्तर, हाय का?" मास्तर ओठ वर करून दाखवायचे. "हाय." मग पुढचं बोलणं.

तुम्ही म्हणाल, मग दात असेपर्यंत वाजवून घ्यायचं, रेकॉर्ड करायचं, संपलं. पण इथं बापलेकांचे दोन नियम एकमेकांना शिंगं लावून उभे होते. पोरगा कॅमेऱ्यासमोर कुणाला काही 'करा' म्हणत नाही. बापालाही म्हणणार नाही. आणि बाप उगाच वाजवणार नाही. मी एकदा मध्ये पडलो. म्हटलं, "मास्तर, पोराच्या सिनेमासाठी एक डाव वाजवून टाका ना." मास्तर म्हणाले, "मी काही शकुन-अपशकुन मानत नाई भाऊ. पण पोरगी नाई, गाडी नाई, रडणारी माय नाई, तं मी फुंकू कोणासाठी? कॅमेऱ्यासाठी? त्याले काय समजते?"

कॅमेऱ्याला समजत नसेल, पण मला आपली जबाबदारी समजत होती. पंगतीचं पाप माझं होतं. मी आधी दात वाचवायचं ठरवलं. खामगावला माझ्या ओळखीचे एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना फोन केला आणि घाईत म्हणालो, "आमच्या मास्तरांच्या दाताचं काय ते एकदाचं करून टाका." डॉक्टर बिचारे सज्जन. त्यांनी माझ्या सांगण्याचा सरळ अर्थ घेतला. मास्तर खुर्चीत बसले, गळ्यात लाळेरं बांधलं गेलं, डॉक्टरांनी आ करायला सांगितलं आणि इंजेक्शन हातात घेतलं. मास्तरांनी विचारलं, "हे कायले?" डॉक्टर म्हणाले, "काढताना दुखणार नाही." पुढचं मी बाहेरून पाहिलं. मास्तर लाळेऱ्यासकट बाहेर आले, माझ्याकडे न बघता रस्त्यावर गेले आणि तसेच एस.टी.त चढले. जळगाव जामोदपर्यंत ते माझ्या शेजारी, गळ्यात लाळेरं, दोन्ही हात तोंडावर, असे बसले होते. कंडक्टरनं मला विचारलं, "आजोबाले फिट येते का?" मास्तर हाताआडून म्हणाले, "याईलेच येते. याईले म्हणा, माह्यापासून दूर बसा."

मग मी खोटी पाठवणी करायचं काढलं. जीप माझी, मांडव माझा, नवरी म्हणून बायकोनं शालू नेसून जीपमध्ये बसायचं, एवढा साधा बेत. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. भाजी चिरत म्हणाली, "बसते ना. पण मी गेली तं वापस येणार नाई. चालीन का?" बेत तिथंच राहिला. दिग्दर्शकाला हे कळलं तेव्हा तो हसला, पण डोळ्यांनी नाही. म्हणाला, "काका, सोडा. ज्याचं जेवढं मिळते तेवढं." असं तो नेहमीच म्हणायचा. त्या दिवशी मात्र ते म्हणता म्हणता त्याचं लक्ष त्यांच्या घराच्या ओट्यावर ओठ दाबून बसलेल्या बापाकडे होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी चहा बंद व्हायची वाट बघितलेला हा माणूस. आपल्याच घरात तो पाहुण्यासारखा बसला होता.

मास्तरांची मुलगी, याची धाकटी बहीण, नाशिकला दिलेली. जिभेनं तिखट. तिच्या लग्नाला मी होतो. अकोल्याला झालं, डीजे लावून. गावोगावच्या पोरींना ज्यानं वाजवत पोचवलं, तो बाप स्वतःच्या पोरीच्या पाठवणीला हात जोडून उभा होता, कारण आपल्याकडे नवरीचा बाप त्या दिवशी हात जोडायला असतो, वाजवायला नाही. कुणी चुकून वाजवलं असतं तर व्याही हसले असते. पोरगी गाडीत बसली तेव्हा डीजेवर कुठलं तरी नाचायचं गाणं चाललं होतं, आणि ते बंद करा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

ती दर वर्षी भीमजयंतीला माहेरी येते. त्या एप्रिलमध्येही आली. जयंती झाली, चार दिवस राहिली आणि सकाळच्या गाडीनं निघायची होती. शेगावपर्यंत जायला काळीपिवळी जीप दारात येऊन उभी होती. बायकोनं तिच्यासाठी साडी पाठवली होती, ती द्यायला मी गेलो होतो. आई कुरड्यांचं गाठोडं बांधत होती, पोरगी "माय, एवढ्या कुरड्या नेऊन मी नाशिकात दुकान टाकू का?" म्हणत होती, आणि दिग्दर्शक दारातून आईच्या हातांचं शूटिंग घेत होता. रोजचंच सगळं. मास्तर घरात गेले. बाहेर आले तेव्हा अंगात बंडी, खाली पायजमा, डोक्यावर बँडची टोपी आणि हातात क्लॅरोनेट. गाडीपासून चार हात दूर उभे राहिले आणि त्यांनी क्लॅरोनेट त्या दाताला लावलं.

मी दिग्दर्शकाकडे बघितलं. ज्या एका गोष्टीसाठी तो इतकी वर्षं बसून होता ती त्याच्यासमोर उभी होती, कुणी 'कर' न म्हणता. त्यानं कॅमेरा वळवला. आणि बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं. तिची बॅग ओट्यावर होती आणि बहिणीची बॅग भावानं गाडीत ठेवायची असते. त्यानं गळ्यातला कॅमेरा काढला, माझ्या गळ्यात अडकवला, "काका, धरा," म्हणाला, बॅग उचलली आणि तिच्यासोबत चालायला लागला. मास्तरांनी फुंक मारली.

मी कॅमेरा धरला. धरा म्हटलं होतं, म्हणून धरला. धून दारापर्यंत गेली आणि मागं फिरली. माझ्या मुलीचा सध्याचा पत्ता हैदराबादचा आहे, तिथं ती बरी आहे, परवाच तिचा फोन आला होता, हे सगळं मला ठाऊक होतं, तरी माझी मान खाली गेली ती वर येईना. समोर खांबही नव्हता. धून पुन्हा गेली. आवाज कुठंकुठं फाटत होता, दाताला जमत नव्हतं, मास्तर मध्येच थांबत होते आणि तिथूनच पुढं घेत होते. मग एकदा गेली ती परत आलीच नाही. गाडीचा आवाज लांब गेला.

दात पुढच्याच आठवड्यात पडला. भुईमुगाचा एक दाणा निमित्त झाला. दिग्दर्शकाचा फोन आला, "काका, पडला." मी विचारलं, "कोण?" तो म्हणाला, "दात."

त्यानंतर त्यानं कॅमेऱ्यातलं काढून बघितलं. मी शेजारी होतो. धून पहिल्यापासून शेवटपर्यंत आली होती, फाटलेल्या सुरांसकट, मास्तरांच्या श्वासासकट. आणि चित्र? माझे दोन पाय. पोटावर लोंबणारा कॅमेरा खाली तोंड करून होता, त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझे पाय, तारेनं बांधलेला चपलेचा अंगठा, अंगणातली धूळ, मध्येच आरामात चालत गेलेली एक कोंबडी. मास्तर नाहीत, पोरगी नाही, गाडी नाही. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. "आता?" मी विचारलं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "बॅग मी उचलली, हे बरं केलं ना काका?" मी हो म्हणालो. दुसरं काही त्यानं त्या विषयावर कधी काढलं नाही.

सिनेमा पुरा झाला तेव्हा रिवाजाप्रमाणे मास्तरांच्या अंगणात चादर बांधली गेली. पोरगी नाशिकहून आली होती. बँडचे सगळे जण होते, बत्तीवाल्या दोघीही होत्या. मास्तर खुर्चीत, पहिल्या रांगेत. दिवेलागण झाली, सिनेमा सुरू झाला. कोट, ढोलक, वेचणी, बाया, सगळ्यांनी एकमेकांना कोपरं मारत बघितलं. आणि शेवटी चादरभर माझे पाय आले आणि ती धून सुरू झाली. कुणीही हसलं नाही. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांची बोटं मांडीवर चालत होती. ओठ मात्र हलत नव्हते. धून गेली, फिरली, गेली. चादर वाऱ्यानं हलली तसे माझे पायही हलले.

दिग्दर्शकानं विचारलं, "काय काढू?"

मास्तरांनी नुसती मान हलवली. नाही. बत्तीवाल्या बाया पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, त्यांनीही काही काढायला सांगितलं नाही. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच सिनेमा न झिजता अख्खा उरत होता. मीही गहिवरलो होतो, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात थोडा फुशारलोही होतो. पोरगी अजून चादरीकडेच बघत होती. तिनं नाक पुसलं, मग मागं वळून मला शोधलं.

"बाप माहा, भाऊ माहा, जाणारी मी," ती म्हणाली, "अन् दिसून राह्यले पाय या काकाचे. तेबी धुतले नाईत."